जिल्ह्याबाहेरचा नवरा

माझ्या नवऱ्याला सरकारने सहा महिन्यांसाठी रत्नागिरी जिल्ह्याबाहेर काढलं, त्या आठवड्यात मी तिसरीच्या वर्गाला जिल्ह्याच्या सीमा शिकवत होते. उत्तरेला रायगड, पूर्वेला सातारा, सांगली आणि कोल्हापूर, दक्षिणेला सिंधुदुर्ग, पश्चिमेला अरबी समुद्र. मुलं एका सुरात म्हणत होती आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी होते, कारण यांतल्या कुठल्या बाजूला नवऱ्याची सोय होईल हेच माझ्या डोक्यात चाललं होतं. समुद्र सोडला तर तीनच बाजू उरत होत्या.

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. गावाचंही नाही, पालीहून आत जाणाऱ्या रस्त्यावर ते कुठेतरी आहे, एवढं पुरे. पोलिसांच्या कागदात साक्षीदारांना 'अ' आणि 'ब' म्हणतात. तशी सवलत मला कुणी दिलेली नाही, पण मी घेते.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी गाव त्यांना कंडक्टरच म्हणतं. नोकरीत त्यांनी तिकीट काढल्याशिवाय कुणाला बसू दिलं नाही आणि सुट्टे परत केल्याशिवाय कुणाला उतरू दिलं नाही. त्यांच्या शौर्याबद्दल सांगायचं तर घरात साप निघाला की काठी मी घेते आणि हे खुर्चीवर उभं राहून मला सूचना देतात. सूचना मात्र अचूक असतात.

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत येतं, बाकीचं वर्षभर नुसता काळा दगड. सरकारी कागदात त्याला 'पडीक' म्हणतात. त्या पडीकावर आमची गुरं चरतात आणि तिथे मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना येतं. या सड्यावर काहीतरी येणार असं कानावर आलं. आधी म्हणाले गोदाम येणार, मग म्हणाले रसायनांचा कारखाना, आणि शेवटी सगळेच नुसतं 'प्रकल्प' म्हणायला लागले, कारण त्या शब्दात सगळं मावतं.

यांनी माहिती अधिकारात नकाशा मागितला. नकाशा मिळाला नाही. अर्ज भलत्या कार्यालयात केल्याचं उत्तर मिळालं. यांनी दुसऱ्या कार्यालयात अर्ज केला. तिथून पहिल्या कार्यालयाचा पत्ता आला. दर अर्जाची शिक्का मारलेली पोच हे एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावत. माझा समज असा, की निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी नाद लागतो. कुणी भजनाला जातं, हे पोच गोळा करतात. हा नाद धोकादायक आहे हे मला पुढे सरकारी कागदातूनच कळलं.

देवळासमोर सभा ठरली. माइकला परवानगी मागितली ती नाकारली, परीक्षांचे दिवस होते म्हणून. हे माइकशिवाय बोलले. घाटात गाडी बंद पडली तर मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलण्याची त्यांना सवय. बोलले काय, तर नकाशा दाखवा, आणि दाखवल्याशिवाय मोजणी नको. महिन्याभराने मोजणीच्या गाड्या आल्या तेव्हा बायका सड्याच्या वाटेवर जाऊन बसल्या, आणि हे बाजूला उभं राहून साहेबांना नियम सांगत होते. पहिला गुन्हा सभेचा दाखल झाला. दुसरा, सरकारी कामात अडथळ्याचा, मोजणीच्या दिवसाचा. तिसरा असा झाला, की दुसऱ्या गुन्ह्यात नक्की काय लिहिलंय ते विचारायला चाळीसेक माणसं ठाण्यावर गेली, आणि एवढ्या माणसांनी एका जागी जमणं हाच तिसरा गुन्हा होता.

तीन गुन्हे झाले की माणूस वेगळ्या यादीत जातो. यांना नोटीस आली. 'आपणांस जिल्ह्याच्या हद्दीतून हद्दपार का करण्यात येऊ नये' याचा खुलासा मागवलेला होता. खाली कारणं होती. सदर इसमाची परिसरात भीती व दहशत आहे. त्याच्या भीतीपोटी कोणी उघडपणे साक्ष देण्यास धजावत नाही. म्हणून दोघांचे जबाब गुप्तपणे घेण्यात आले. साक्षीदार 'अ' याने सांगितलं होतं, की सदर इसम कमरेला धारदार शस्त्र लावून गावात फिरतो आणि प्रकल्पाच्या बाजूने बोललास तर बघून घेईन असं मला म्हणाला.

मी ते दोनदा वाचलं. यांना विचारलं, "शस्त्र कुठलं हो?"

"कोयती असेल," हे म्हणाले. "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

कोकणात बागेत जाणारा प्रत्येक पुरुष मागे कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. झावळं तोडायची असतात, वाटेतली काटेरी झुडपं छाटायची असतात. त्या हिशेबाने आमच्या वाडीत सकाळी आठ वाजता एकही नि:शस्त्र पुरुष सापडणार नाही.

सुनावणी प्रांतसाहेबांपुढे होती. यांच्याबरोबर मीही रजा टाकून गेले. साहेब तरुण होते, घाटावरचे, आणि बोलायला अतिशय सभ्य. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं.

"तुम्ही कोयती बाळगता?"

"बाळगतो म्हणजे, साहेब, ती कमरेला असते."

"कशासाठी?"

"बागेत लागते."

"पण गावातही?"

"बागेतून थेट आलो तर असते. सगळ्यांच्याच असते."

साहेबांनी शेजारच्या लिपिकाला सांगितलं आणि लिपिकाने टाइप केलं. शस्त्र बाळगत असल्याचे कबूल करतो. हे म्हणाले, "साहेब, सगळ्यांच्या कमरेला असते हेही लिहा." साहेब हसले आणि म्हणाले, "काका, इथे फक्त तुमचं प्रकरण आहे."

आदेश यायला दीड महिना लागला. सहा पानांचा होता. चौथ्या पानावर एक परिच्छेद असा होता, की सदर इसम गावठी दारूची चोरटी विक्री करून तरुण पिढीला व्यसनाधीन करत आहे. हा परिच्छेद दुसऱ्या कुणाचा तरी होता. आधीच्या आदेशावरून नवा तयार करताना पुसायचा राहिला होता. दारू सोडाच, हे चहात आलं जास्त झालं तरी कपाळाला हात लावणारे. त्यांनी ते पान घेऊन कार्यालय गाठलं आणि चूक दाखवली. लिपिकाने पान वाचलं, चूक मान्य केली आणि म्हणाला, "पण आता आदेश झाला. अपिलात सांगा."

एका गुरुवारी सकाळी पोलिसांची गाडी आली. हवालदार सांगलीकडचे होते, आमच्या गावात बंदोबस्ताला येऊन येऊन ओळखीचे झालेले. दारात चपला काढून म्हणाले, "काकू, काका तयार आहेत का?" लग्नाला न्यायला आल्यासारखे. मी रक्तदाबाच्या गोळ्या, कानटोपी, दोन जोड कपडे आणि फडक्यात भाकऱ्या बांधून ठेवल्या होत्या. पोचांची फाइल यांनी स्वतः घेतली. मला बरोबर जाता आलं नाही, रजा शिल्लक नव्हती. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी मी शाळेत गेले आणि दुपारपर्यंत तिसरीला अपूर्णांक शिकवले. शिकवणी चांगली झाली असावी. मला त्यातलं काही आठवत नाही.

त्यांना आंबा घाट चढून पलीकडे सोडलं. कोल्हापूर जिल्हा आपले स्वागत करीत आहे, अशा पाटीखाली उभं करून हवालदारांनी मोबाइलवर फोटो काढला, साहेबांना पुरावा पाठवायचा म्हणून. तो फोटो पुढे वकिलांच्या कागदांत आम्हाला मिळाला. त्यात हे हसताहेत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हवालदार म्हणाले, काका जरा हसा, म्हणून हसलो."

माझी धाकटी नणंद मलकापूरला दिलेली आहे. तिच्याकडे ते राहिले. तिथल्या ठाण्यावर नोंद करायला गेले तर तिथल्या फौजदारांनी आदेश वाचला, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा आदेश वाचला आणि खुर्ची दिली. रात्रीचं जेवण झालं की यांचा फोन यायचा. एकदा म्हणाले, "इंग्रजांच्या काळात ज्याला देशातून काढायचा त्याला रत्नागिरीत आणून ठेवायचे. ब्रह्मदेशाचा राजा तिथेच झिजला. आता रत्नागिरीतून काढणं ही शिक्षा झालीय. म्हणजे जिल्ह्याची प्रगतीच म्हणायची." मी हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की दिवसभरात मी ज्याच्याशी बोलले असा तो पहिलाच माणूस होता. मुलं सोडून.

कारण गाव गप्प झालं होतं. गावाच्या मोबाइलच्या ग्रुपमधून यांना आदेशाच्याही आधी काढून टाकलं होतं; तिथे कारणे दाखवा नोटीसही आली नव्हती. संध्याकाळी बायका माझ्याकडे यायच्या, कुणाला बँकेचा फॉर्म भरून हवा असायचा, कुणाला मुंबईच्या मुलाला फोन लावून हवा असायचा. त्या येईनाशा झाल्या. वाटेत भेटल्या तर माझ्या पिशवीकडे बघून बोलत. "बाजारातून आलात काय?" हो म्हटलं की संपलं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी दगड मारला नाही. मला वाटतं, मारला असता तर सोपं गेलं असतं. निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं.

शेजारच्या घरचे गृहस्थ, यांचे लहानपणापासूनचे सोबती, बांधावर समोरासमोर आले तर कोयतीने उगाच गवत साफ करायला लागत. नाही तिथलं गवतही त्यांनी त्या दिवसांत साफ केलं.

दर रविवारी मी पालीहून कोल्हापूरची एसटी पकडून घाटमाथ्यावरच्या आंबा गावाला जायचे आणि हे मलकापूरहून तिथे यायचे. माझा वेळ वाचावा म्हणून आम्ही मध्येच भेटत असू. बायकांना एसटीत अर्धं तिकीट सरकारनेच केलेलं. म्हणजे ज्या सरकारने नवऱ्याला जिल्ह्याबाहेर काढलं तेच मला त्याच्याकडे निम्म्या भाड्यात पोचवत होतं. यांच्या जुन्या खात्यातले कंडक्टर मला ओळखत. काहीजण मला न विचारता पुढची सीट रिकामी करून देत आणि खिडकीबाहेर बघत विचारत, "कसे आहेत?"

आंब्याच्या चहाच्या टपरीवर आम्ही दोन-तीन तास बसायचो. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण नुसतं बसून बोलायला असा वेळ आम्हाला कधी मिळाला नव्हता. हे विचारायचे, विहिरीला पाणी किती आहे, काजू झडला का, कोण कोण विचारत होतं. मी म्हणायचे, सगळेच विचारतात. तेवढं खोटं मी दर रविवारी बोलत होते. त्यांना ते कळत असणार, कारण त्यांनी कुणाचं नाव कधी विचारलं नाही.

मग शाळेत पत्र आलं. शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयातून. आपले पती शासनाच्या विकासकामांना विरोध करत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपला त्यांच्या कृत्यांशी संबंध आहे किंवा कसे याबाबत लेखी खुलासा करावा. माझी नोकरीची तीन वर्षं राहिली होती. मुलीचं शिक्षण पुण्याला चाललेलं. मुख्याध्यापिका माझ्याहून लहान होत्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, दोन ओळी लिहून द्या. कुणी वाचणारसुद्धा नाही."

मी दोन ओळी लिहिल्या. माझ्या पतींच्या कार्याशी व विचारांशी माझा कोणत्याही प्रकारे संबंध नाही. सही केली. अक्षर फार सुरेख आलं होतं. अडतीस मुलांच्या वह्या तपासणाऱ्या हाताचं अक्षर चुकत नाही.

त्या रविवारी चहा आला. मग सांगितलं. हे कपाकडे बघत राहिले. समोरून एक भरलेला ट्रक घाटाकडे गेला.

मग म्हणाले, "पोच घेतलीस?"

"घेतली."

"शिक्का आहे?"

"आहे."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि बिस्कीट चहात बुडवलं. ते बराच वेळ तसंच धरून ठेवलं, मऊ होऊन कपात पडलं. त्या दिवशी ते नेहमीच्या आधी उठले. मलकापूरची गाडी लवकर आहे म्हणाले. गाड्यांचं वेळापत्रक मलाही पाठ झालं होतं. गाडी नव्हती.

त्याच सुमारास मोजणीच्या गुन्ह्याची कोर्टात तारीख लागली. तारखेला हजर राहायचं तर जिल्ह्यात यावं लागणार, आणि जिल्ह्यात यायचं तर परवानगी लागणार. यांनी वीस दिवस आधी अर्ज पाठवला. परवानगी मंजूर झाली, पण तिचं पत्र तारखेनंतर चार दिवसांनी मलकापूरला पोचलं. मधल्या काळात आरोपी गैरहजर राहिला म्हणून कोर्टाने वॉरंट काढलं. आमचे सांगलीचे हवालदार ते घेऊन माझ्याकडे आले.

"काका आहेत का?"

"तुम्हीच सोडून आलात ना त्यांना," मी म्हटलं.

"ते झालंच ओ काकू. पण वॉरंट या पत्त्यावर हाय." त्यांनी पडवीत बसून पंचनाम्यासारखं काहीतरी लिहिलं. सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही. खाली माझी सही घेतली. उठताना म्हणाले, "त्यांना म्हणावं, जिल्ह्यात येऊ नका, आत घेतील. आणि कोर्टात हजर नाही झालात तरी आत घेतील." स्वतःच बोललेलं त्यांनी एकदा मनात तपासून पाहिलं, असं तोंडावरून वाटलं, आणि गाडीकडे गेले. शेवटी वकिलांनी कोर्टात उभं राहून दोन्ही कागद एकाशेजारी एक ठेवले तेव्हा वॉरंट रद्द झालं.

यांच्या हद्दपारीच्या तिसऱ्या महिन्यात ग्रामसभा झाली. मोजणीला सहमतीचा ठराव होता. मी मागच्या भिंतीला टेकून बायकांत बसले. ग्रामसेवकाने ठराव वाचला आणि सरपंचांनी विचारलं, "कुणाची हरकत?" विचारताना त्यांची नजर डाव्या हाताच्या खांबाकडे गेली, जिथे हे नेहमी बसत. खांबाशी कुणी नव्हतं. पंख्याचा आवाज येत होता. सड्यावर गुरं नेणारे तिथे होते, ज्यांच्या विहिरी आटणार ते होते, वाटेवर बसलेल्या बायका माझ्या दोन्ही बाजूंना होत्या. मीही होते. नकाशा पाहिला का एवढंच विचारायचं होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद. मी ते बोलले नाही. त्या शिक्क्याच्या कागदाने माझं तोंड बंद केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे कागद नसता तरी मी त्या दिवशी बोलले नसते. ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढच्या आठवड्यात मोजणी झाली. कुणी अडवलं नाही, पोलीसही आणावे लागले नाहीत. सड्यावर पांढरे रंगवलेले दगड लागले.

अपिलाला तारखांवर तारखा पडत होत्या. वकील म्हणाले, असंच चाललं तर मुदतच संपेल, मग अपिलात काही उरणार नाही. म्हणून उच्च न्यायालयात गेलो. तिथे प्रकरण फार वेळ चाललं नाही. न्यायाधीशांनी चौथं पान पाहिलं आणि सरकारी वकिलांना विचारलं, हे गृहस्थ दारू विकतात का. सरकारी वकिलांनी सूचना घेऊन सांगतो म्हटलं. आदेश विचार न करता काढलेला आहे म्हणून रद्द झाला. नकाशा, सडा, विहिरी, सभेत बोलण्याचा हक्क, यांतलं काही बोलायची पाळीच आली नाही. एका अनोळखी दारूवाल्याने आम्हाला सोडवलं. तो कोण, आणि त्याच्या आदेशात आमचा एखादा परिच्छेद गेला होता का, हे अजून कळलेलं नाही. तेव्हा मुदत संपायला एकोणीस दिवस राहिले होते.

हे एसटीने आले. पालीला उतरून आत येणाऱ्या गाडीची वाट बघत बसले. मी न्यायला येते म्हटलं तर नको म्हणाले. घरी आल्यावर आधी विहीर पाहिली, मग बाग, मग आंघोळ केली.

चार-पाच दिवसांनी शेजारचे गृहस्थ आले. पडवीत बसले नाहीत, पायरीवर बसले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाले, "कंडक्टर, मला दोनदा ठाण्यावर बोलावलान. सही घेतलानी. काय लिवलंय ते वाचून नाय दाखवलानी."

"मला माहीत आहे," हे म्हणाले.

"कसं?"

"तुला सोडून मी कुणाला बघून घेईन म्हणालोय? तेही पत्ते खेळताना."

ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "काय लिवलानी त्यात?"

हे आत गेले, फाइल आणली, चष्मा लावला आणि साक्षीदार 'अ' ला त्याचा स्वतःचा जबाब पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. सावकाश, एकेक वाक्य सोडत. ते मान हलवत ऐकत होते. 'माझ्या जीवितास व मालमत्तेस धोका असल्याची माझी खात्री झाली' इथे त्यांनी हात वर केला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू मला घाबरतोस."

"तुला?" ते म्हणाले. आणि दोघांना एकदम हसू फुटलं. यांना हसता हसता खोकला आला, मी पाणी आणलं. पण शेजाऱ्यांचे डोळे पुसायचे राहिलेच होते. जाताना ते म्हणाले, "मुलगा जयगडला बंदरावर लागलाय, कंत्राटी. ठाण्यावर म्हणाले, त्याची नोकरी जाईल." हे म्हणाले, "जाऊ दे. झालं ते." पुढच्या वर्षी आंबा उतरवायला ते पहिल्यासारखे आले. पत्त्यांचा डाव मात्र पुन्हा बसला नाही.

यांच्यात काय बदललं ते सांगता येणं कठीण आहे. अर्ज लिहितात, पोच घेतात. पण सभेला जायचं म्हटलं की पाय दुखतो म्हणतात. एकदा मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. म्हणाले, "पायाला काही झालं नाहीये गो." आणि रेडिओ लावला.

गेल्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. निरोप समारंभात माझ्या मनमिळाऊ आणि शांत स्वभावाबद्दल चारजण बोलले. त्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेला मी गेले, आणि या वेळी पुढे बसले. आदल्या रात्री यांच्याशी काही बोलले नव्हते. सड्यावरच्या रस्त्याचा विषय निघाला तेव्हा उभी राहिले आणि म्हटलं, मोजणीच्या ठरावाला सूचक कोण आणि अनुमोदक कोण, ते वाचून दाखवा. बस, एवढंच. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला नसावा. ग्रामसेवक म्हणाले, वही तालुक्याला गेलीय. मी म्हटलं, मग आली की वाचा, मी बसते. आणि बसले. सभा दुसऱ्या विषयांवर संपली, वही आली नाही.

पंधरा दिवसांनी मंत्र्यांचा दौरा लागला आणि सांगलीचे हवालदार आले. चपला काढून पडवीत बसले. हे फाइल घेऊन बाहेर आले तर हवालदार म्हणाले, "काका, नोटीस तुमची नाही. काकूंची हाय."

आपणाकडून सार्वजनिक शांततेचा भंग होऊन दखलपात्र गुन्हा घडण्याची दाट शक्यता आहे, तरी दौऱ्याच्या दिवशी आपण घराबाहेर पडू नये. माझं पूर्ण नाव, वय, आणि धंद्यासमोर 'गृहिणी'. इतकी वर्षं नोकरी करून सरकारदरबारी मी गृहिणीच राहिले होते. मी वाचली. भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. सही करताना अक्षर वाकडं आलं. यांनी हवालदारांकडून दुसरी प्रत मागून घेतली आणि माझ्यासाठी एक नवी फाइल काढली.

दौऱ्याच्या दिवशी आम्ही दोघं घरीच होतो. दुपारी चारच्या सुमाराला वाडीतल्या पाच बायका आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि कुणाच्या हातात फॉर्म नव्हता. पडवीत भिंतीला टेकून बसल्या. मग त्यांतली सगळ्यांत म्हातारी म्हणाली, "बाई, काय लिवलानी त्यात?"

मी वाचून दाखवलं. दखलपात्र म्हणजे काय ते सांगितलं. ग्रामसभेत काय विचारलं होतं तेही पुन्हा सांगितलं, कारण त्या दिवशी मागे ऐकू गेलं नव्हतं.

"एवढंच इचारलंत?"

"एवढंच."

"मग आमी इचारलं तर आमाला पन येल काय?"

मला नाही म्हणता आलं असतं. शाळेत मी मुलांना इंजेक्शन दुखत नाही असं सांगत आले होते.

"येईल," मी म्हटलं.

दोघी उठल्या. गुरं आणायची राहिलीत म्हणाल्या आणि गेल्या. तिघी बसून राहिल्या. मी चहा टाकायला आत गेले, तर हे आधीच स्टोव्हपाशी उभे होते आणि साखरेचा डबा कुठे ठेवलाय ते विचारत होते.